वाचकांचे प्रश्न : बर्फावरच्या हॉकीत आयुष्य घालवायचे तर

गेल्या अंकात क्रिकेटपलीकडच्या खेळांत पोटापाण्याचा मार्ग कितपत सापडतो याविषयी लिहिताना मी आइस हॉकीचा उल्लेख जेमतेम दोन ओळींत केला होता. त्या दोन ओळींवर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची इतकी पत्रे आली की या महिन्याचे सदर त्याच एका विषयाला द्यावे, असे मी ठरवले. उत्तरे लिहिताना एक गोष्ट मी सतत डोळ्यांपुढे ठेवली आहे. शिखरावरची पाच-पंचवीस नावे सर्वांना ठाऊक असतात, पण या व्यवसायाची पारख करायची तर मधल्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या शेकडो खेळाडूंकडे पाहावे लागते.

प्रश्न : रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापाशी माझा बर्फाचा कारखाना आहे. मुलगा सोळा वर्षांचा असून चाकांच्या स्केटवर तो लहानपणापासून उत्तम पळतो. मोबाइलवर उत्तर अमेरिकेतील सामने पाहून आता आपल्याला आइस हॉकीचा व्यावसायिक खेळाडूच व्हायचे आहे, असे तो म्हणतो. आम्ही दोन पिढ्या बर्फ विकत आलो. बर्फावर खेळून संसार चालतो हे आम्हाला नवीन आहे. हा व्यवसाय खरा आहे का, त्याच्या पायऱ्या कोणत्या आणि आमच्या मुलाला तो साधेल का? ता. क. : तिकडे उन्हाळ्यात बर्फ टिकवतात कसा, हेही जमल्यास सांगावे. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : व्यवसाय खरा आहे. नॅशनल हॉकी लीग ही साखळी, जिला सगळे एनएचएल म्हणतात, १९१७ मध्ये माँट्रियल येथे स्थापन झाली. आज तिच्यात ३२ संघ आहेत, त्यांपैकी २५ अमेरिकेतील आणि ७ कॅनडातील. २०२५-२६ च्या हंगामासाठी या साखळीतील खेळाडूचे किमान वेतन ७,७५,००० डॉलर ठरलेले होते आणि नामांकित खेळाडूंना त्याच्या दहा-पंधरा पट मिळत होते. हा आकडा आपल्या मुलाने आपल्याला एव्हाना ऐकवला असेल. शिडीच्या खालच्या पायऱ्या मात्र मोबाइलवरच्या चित्रफितींत दिसत नाहीत, म्हणून त्या मी सविस्तर लिहिते.

माझी धाकटी बहीण टोरांटोजवळ राहते. एका हिवाळ्यात मी तिच्याकडे दोन महिने होते, तेव्हा शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा आठवड्यातून तीनदा पहाटे पाच वाजता वडिलांच्या गाडीतून सरावाला निघत असे, कारण संध्याकाळच्या वेळा मोठ्यांच्या संघांनी घेतलेल्या असतात आणि लहानांच्या वाट्याला पहाट उरते. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले. कडेच्या बाकांवर कॉफीचे पेले हातात धरून आईबाप बसले होते आणि बर्फावर ती मुले पाठ पुढे करून, उलट दिशेने, इतक्या सहजपणे घसरत होती की मला आपल्या खाडीत सूर मारणारी पोरे आठवली. त्यांतली बहुतेक मुले तीन-चार वर्षांची असताना स्केटवर उभी राहिली होती. या खेळाचा पाया इतक्या लवकर घातला जातो.

पुढची पायरी सोळाव्या वर्षाच्या आसपास येते. कॅनडात ओंटारिओ, पश्चिम आणि क्वेबेक अशा तीन मोठ्या कुमार साखळ्या आहेत आणि त्यांत साधारण सोळा ते वीस वर्षांचे खेळाडू खेळतात. निवड झालेला मुलगा बहुतेक वेळा आपले गाव सोडून दूरच्या शहरात जातो, तिथले एखादे कुटुंब त्याला घरात ठेवून घेते, आणि शाळा सांभाळून तो महिन्याला दहा-बारा सामने बसच्या लांबलचक प्रवासांसह खेळतो. दुसरी वाट अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघांची. अठराव्या वर्षी एनएचएलची वार्षिक निवड होते. सात फेऱ्यांत ३२ संघ मिळून २२४ तरुण निवडतात, पण निवड म्हणजे नोकरी नव्हे; संघ त्या खेळाडूवरचा आपला हक्क तेवढा राखून ठेवतो. निवडलेल्यांपैकी पुष्कळ जण एनएचएलचा एकही सामना खेळत नाहीत. उलट हेन्रिक लुंडक्विस्ट हा स्वीडिश गोलरक्षक २००० साली २०५ व्या क्रमांकावर निवडला गेला, न्यूयॉर्क रेंजर्सकडून पंधरा हंगाम खेळला आणि पुढे हॉकीच्या सन्मान दालनात पोहोचला. अठरा वर्षांच्या मुलाविषयी अनुभवी माणसांचे अंदाजही किती चुकतात, हे यावरून दिसते.

निवडीनंतर बहुतेकांची रवानगी अमेरिकन हॉकी लीग या दुय्यम साखळीत किंवा तिच्याही खालच्या ईसीएचएल या साखळीत होते. अनेकांचे करार दुहेरी असतात, म्हणजे वरच्या संघात असताना एक वेतन आणि खालच्या संघात असताना त्याहून पुष्कळ कमी. कुणी जायबंदी झाले की वरून बोलावणे येते, तो बरा झाला की पुन्हा खाली. असे वर-खाली करण्यात पाच-सात वर्षे गेलेले खेळाडू थोडे नाहीत. काही जण स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनी किंवा चेकियाच्या साखळ्यांत जाऊन चांगला संसार करतात, आणि माझ्या मते या व्यवसायाचे खरे चित्र त्यांच्यात दिसते.

आता आपल्या मुलाविषयी. उष्ण प्रदेशातला मुलगा हा खेळ खेळूच शकत नाही, हे खरे नाही. ऑस्टन मॅथ्यूज हा ॲरिझोनाच्या वाळवंटी प्रदेशात वाढला आणि २०१६ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर आला. रॉबिन बावा हा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू १९८९ मध्ये एनएचएलमध्ये उतरला. त्याच्यामागून मॅनी मल्होत्रा, जुझार खैरा आणि अर्शदीप बैन्स हे आले. मात्र हे सर्व जण अशा गावांत वाढले जिथे घराजवळ बारमाही रिंक, म्हणजे बर्फाचे बांधीव खेळमैदान, होते. सोळाव्या वर्षापर्यंत बर्फावर पाय न ठेवलेल्या मुलाला एनएचएल गाठता येईल, असे मी आपल्याला सांगणार नाही; ते सांगणे म्हणजे आपली आणि त्याची फसवणूक ठरेल.

त्याला करता येण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. चाकांच्या स्केटवर रोलर हॉकी आणि इनलाइन हॉकी हे दोन्ही खेळ आपल्या देशात राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत खेळले जातात, आणि त्याचे आजचे कौशल्य तिथे वाया जाणार नाही. हिवाळ्यात लडाखमधील तळी गोठल्यावर तिथे आइस हॉकीचा हंगाम भरतो; सैन्यदल आणि भारत-तिबेट सीमा पोलीस यांचे संघ तिथे खेळतात, आणि भारतात या खेळाच्या आधाराने पगाराची नोकरी मिळण्याची शक्यता मुख्यतः तिथेच आहे. देहरादूनलाही कृत्रिम रिंक आहे. एका हिवाळ्यात त्याला लेहला पाठवा, तीन आठवडे बर्फावर पडू द्या, आणि मग त्याला काय वाटते ते विचारा.

ताजा कलमाचे उत्तर देताना मला विशेष आनंद होतो, कारण ते आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आपण अमोनियाच्या यंत्रणेने मिठाचे पाणी शून्याखाली थंड करता आणि त्यात गोड्या पाण्याचे डबे बुडवून लाद्या काढता. रिंकमध्ये असेच थंड केलेले खारे पाणी, बहुधा कॅल्शियम क्लोराइडचे, काँक्रीटच्या तळात पुरलेल्या नळ्यांतून फिरवतात आणि वर पाण्याचे पातळ थर एकामागून एक गोठवत सुमारे एक ते सव्वा इंच जाडीचा बर्फ जमवतात. पक, म्हणजे या खेळातली चेंडूऐवजीची रबरी चकती, स्पष्ट दिसावा म्हणून मधल्या थरावर पांढरा रंग देतात. खेळाने खरवडलेला पृष्ठभाग फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये तयार केलेल्या यंत्राच्या जातीची गाडी तासून, धुऊन पुन्हा गुळगुळीत करते. धोकाही तोच. कॅनडातील फर्नी येथे २०१७ मध्ये रिंकच्या यंत्रणेतून अमोनिया गळून तिघांचा मृत्यू झाला. शीतकरणाचे शिक्षण घेतलेल्या माणसाला प्रत्येक रिंकमध्ये काम असते, आणि आपल्या घरात वाढलेल्या मुलाचे त्या कामातले अर्धे शिक्षण कारखान्यातच झालेले आहे. त्याच्या स्वप्नाला पर्याय म्हणून हे मी सुचवत नाही. स्वप्नाच्या जवळ राहण्याचा एक मार्ग म्हणून सांगते.

प्रश्न : मी अकरावीत आहे. इतके पैसे घेणारे खेळाडू एका वेळी पाऊण मिनिटच खेळतात आणि बाकावर जाऊन बसतात, हे खरे आहे का? मग त्यांची कामगिरी मोजतात कशी? (एक विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर : तू बरोबर ऐकले आहेस. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो आणि बर्फावर एका संघाचे सहा जण असतात : तीन आघाडीचे, दोन बचावाचे आणि एक गोलरक्षक. सामन्यासाठी मात्र दोन गोलरक्षकांसह वीस जण तयार असतात, म्हणजे आघाडीच्या चार तुकड्या आणि बचावाच्या तीन जोड्या. एक पाळी साधारण ४५ सेकंदांची असते, कारण त्या वेळात खेळाडू सर्व शक्ती पणाला लावून धावतो आणि त्यापुढे पाय जड होतात. खेळ न थांबवता, चालू सामन्यातच तुकड्या बदलतात. बाकावरून उडी मारून उतरणाऱ्याला आपल्या जागी काय चालले आहे ते त्या क्षणी अचूक कळावे लागते; जरा उशीर झाला तर समोरच्या संघाला मोकळे मैदान मिळते आणि लवकर उतरला तर बर्फावर माणसे जास्त झाल्याबद्दल दंड होतो. आघाडीचा चांगला खेळाडू असा तुकड्यातुकड्यांनी पंधरा ते वीस मिनिटे खेळतो, आणि बचावाचा पट्टीचा खेळाडू पंचवीसच्या आसपास.

मोजणीची पद्धत मला फार आवडते. तू मालवणकडे कधी रापण ओढताना पाहिली असशील. जाळे किनाऱ्याला लागले की मासळीची वाटणी होते आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. या खेळात गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो, आणि त्याच्याकडे पक पोहोचवणाऱ्या शेवटच्या दोघांपर्यंत प्रत्येकाला साहाय्याचा तितकाच एक गुण मिळतो. वेन ग्रेट्झ्की १९७९ ते १९९९ या काळात एनएचएलचे १,४८७ सामने खेळला, त्याने ८९४ गोल केले आणि १,९६३ गोलांना साहाय्य केले. गुणांच्या यादीत त्याच्याखाली असलेल्या यारोमिर यागरचे गोल आणि साहाय्य मिळून १,९२१ गुण आहेत. म्हणजे ग्रेट्झ्कीने आयुष्यात एकही गोल केला नसता, तरी केवळ दुसऱ्यांना दिलेल्या पकच्या बळावर तो पहिलाच राहिला असता. त्याच्या गोलांचा विक्रम अलेक्झांडर ओव्हेच्किनने ६ एप्रिल २०२५ रोजी ८९५ वा गोल करून मोडला, पण साहाय्याच्या आकड्याच्या जवळपासही कुणी आलेले नाही.

प्रश्न : आपली मैदानी हॉकी आणि ही, यांत मुख्य फरक काय? (एक वाचक, दापोली)

उत्तर : चेंडूऐवजी पक, म्हणजे तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची कडक रबराची चकती, जी फार उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. स्टिकच्या दोन्ही बाजू वापरता येतात, कडेला भिंत असल्याने पक सहसा बाहेर जात नाही, आणि अंगावर धडक देणे पुरुषांच्या खेळात नियमाला धरून असते. फटक्याच्या वेगाची कल्पना यावी म्हणून सांगते की झ्देनो खारा या बचावपटूचा फटका २०१२ मध्ये कौशल्यस्पर्धेत ताशी १७५ किलोमीटर मोजला गेला होता.

प्रश्न : माझी बोट आहे. १ जून ते ३१ जुलै आमची मासेमारी बंद असते. तेवढ्यात जाळी विणायची, बोट रंगवायची. या खेळाडूंना वर्षभर काम असते का? आणि मालकाने मनात आणले तर त्यांना न विचारता दुसऱ्या शहरात धाडतात, असे भाचा सांगत होता, ते खरे का? (एक नाखवा, हर्णै)

उत्तर : नाखवा, आपला आणि त्यांचा बंदीचा काळ जवळजवळ एकच आहे. सप्टेंबरमध्ये सरावशिबिर, ऑक्टोबर ते एप्रिल नियमित हंगाम (२०२५-२६ पर्यंत ८२ सामन्यांचा), आणि त्यानंतर १६ संघांची बाद फेरी, जी जूनपर्यंत चालते. १८९२ मध्ये कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी दिलेला चषक तेव्हा जिंकला जातो आणि विजेत्या खेळाडूंची नावे त्यावर कोरली जातात. आपल्या बोटी वर ओढल्या जातात त्याच सुमारास त्यांचेही वर्ष संपते, आणि तिकडच्या उन्हाळ्याचे महिने शरीराची डागडुजी करण्यात जातात. पूर्वीचे खेळाडू त्या काळात दुसरी नोकरी करत. आताचे व्यायामच करतात, कारण शिबिरात दमलेला दिसलेल्याची जागा घ्यायला दुसरा उभाच असतो.

भाच्याचे म्हणणेही खरे आहे. करारात तसे विशेष कलम नसेल तर संघ आपल्या खेळाडूची दुसऱ्या संघाशी अदलाबदल करू शकतो, आणि दुपारी बातमी कळलेला माणूस दुसऱ्या दिवशी तीन हजार किलोमीटरवर नव्या गणवेशात खेळत असतो. बायको, मुले, मुलांची शाळा मागे राहते. एडमंटनला चार वेळा चषक जिंकून दिलेल्या ग्रेट्झ्कीला ९ ऑगस्ट १९८८ रोजी लॉस एंजेलिसला देण्यात आले, तेव्हा कॅनडाच्या संसदेपर्यंत त्याचे पडसाद उमटले होते. मुलाला या व्यवसायात धाडणाऱ्या आईबापांनी दुखापतीइतकाच या अस्थिरतेचा विचार करायला हवा, असे मला कळकळीने वाटते. खेळाडूंची संघटना १९६७ मध्ये स्थापन झाली. १९५७ मध्ये टेड लिंडसे या खेळाडूने केलेला पहिला प्रयत्न मालकांनी मोडून काढला होता आणि लिंडसेला त्याच्या संघाने तळाच्या संघाकडे पाठवून दिले होते. आज खेळाशी निगडित उत्पन्नाची मालक आणि खेळाडू यांच्यात निम्मी-निम्मी वाटणी होते, ती अशा माणसांनी सोसलेल्या नुकसानातून आलेली आहे.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. या खेळात खेळाडू हातमोजे टाकून एकमेकांना ठोसे मारतात आणि पंच बघत राहतात. याला खेळ कसे म्हणावे? मेंदूच्या इजांचे काय? (एक वाचक, देवगड)

उत्तर : गुरुजी, आपला आक्षेप मला मान्य आहे. एनएचएलच्या नियमांत मारामारीला पाच मिनिटांची शिक्षा आहे, म्हणजे ती निषिद्ध असूनही सामन्याचा भाग म्हणून सहन केली जाते. आंतरराष्ट्रीय नियमांत मारामारी करणाऱ्याला सामन्याबाहेर काढतात. पूर्वी प्रत्येक संघात केवळ ठोशांसाठी ठेवलेला एखादा दांडगा खेळाडू असे. आता खेळाचा वेग वाढल्यामुळे अशा माणसाला तुकडीत जागा उरलेली नाही आणि मारामाऱ्याही पुष्कळ कमी झाल्या आहेत. त्या दांडग्या खेळाडूंची किंमत मात्र चुकती झालेली आहे. डेरेक बूगार्ड हा असाच खेळाडू २०११ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या अतिसेवनाने मरण पावला, आणि त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार बसलेल्या मारामुळे होणारा ऱ्हासाचा आजार आढळला. या आजाराचे पक्के निदान मृत्यूनंतरच करता येते, ही त्यातली सर्वांत दुःखाची गोष्ट आहे. माजी खेळाडूंनी लावलेल्या दाव्यात २०१८ मध्ये तडजोड झाली; साखळीने रक्कम दिली, दोष कबूल केला नाही.

संरक्षक साधनांचा इतिहास वाचला की मन अस्वस्थ होते. जॅक प्लांट या गोलरक्षकाच्या चेहऱ्यावर १ नोव्हेंबर १९५९ रोजी पक आदळला. टाके घालून आल्यावर मुखवटा घालू दिला तरच खेळेन, असे त्याने प्रशिक्षकाला बजावले. तोवर गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने उभे राहत, आणि मुखवट्याची मागणी भित्रेपणात जमा होत असे. बिल मास्टरटन १३ जानेवारी १९६८ रोजी धडकेने मागे पडला, शिरस्त्राण नसल्याने डोके बर्फावर आपटले आणि दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतरही शिरस्त्राणाची सक्ती व्हायला १९७९ साल उजाडले, तीही साखळीत नव्याने येणाऱ्यांपुरती; उघड्या डोक्याने खेळणारा शेवटचा खेळाडू निवृत्त झाला तो १९९७ मध्ये. म्हणजे एका मृत्यूनंतर सवय पूर्ण बदलायला २९ वर्षे लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील सामन्यात स्केटच्या पात्याने मान कापली जाऊन ॲडम जॉन्सन दगावला, तेव्हा मात्र आंतरराष्ट्रीय महासंघाने मानेच्या संरक्षणाची सक्ती तुलनेने लवकर केली. मुलाला हा खेळ खेळू द्यायचा असेल तर डोक्याला मार लागल्यावर पूर्ण बरे होईपर्यंत त्याला बर्फावर उतरू न देण्याचा अधिकार आईबापांनी स्वतःकडे ठेवावा. प्रशिक्षक कितीही भला असला तरी त्याला सामना जिंकायचा असतो.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि इनलाइन स्केट शिकते. या खेळात मुलींना काही भवितव्य आहे का? (एक आई, मालवण)

उत्तर : दहा वर्षांपूर्वी आपण हा प्रश्न विचारला असता तर माझे उत्तर निराशेचे असते. महिलांची आइस हॉकी १९९८ च्या नागानो ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे, पण पदक जिंकून परतलेल्या खेळाडूंना पगार देणारी भक्कम साखळी अनेक वर्षे नव्हती. कुणी शिक्षिका होत्या, कुणी अग्निशमन दलात. उत्तर अमेरिकेतील महिलांची व्यावसायिक साखळी, पीडब्ल्यूएचएल, जानेवारी २०२४ मध्ये सहा संघांनिशी सुरू झाली आणि २०२५-२६ मध्ये संघ आठ झाले. वेतन पुरुषांच्या मानाने फारच कमी आहे, तरी हॉकी हाच दिवसभराचा व्यवसाय म्हणून पत्करता येतो.

आपल्याकडच्या मुलींची वाटचाल तर विशेष अभिमानाची आहे. भारताचा महिला संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. त्यात बहुतेक मुली लडाखच्या. हिवाळ्यातले दोनेक महिने गोठलेल्या तळ्यांवरचा सराव, सुरुवातीला मागून आणलेली किंवा भावांची वापरलेली साधने. २०१७ मध्ये बँकॉक येथे फिलिपाइन्सला ४-३ असे हरवून त्यांनी पहिला विजय मिळवला, आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. वाळवंटातल्या रिंकवर हिमालयातल्या मुलींनी मिळवलेले ते पदक पाहिले तर मालवणच्या किनाऱ्यावरच्या मुलीला कुणी हसू नये. अकरा हे वय फार उशिराचे नाही. चाकांवरचा तिचा सराव चालू ठेवा, वळणे आणि उलटे घसरणे पक्के होऊ द्या, आणि शक्य होईल त्या हिवाळ्यात तिला खऱ्या बर्फावर नेऊन आणा.

प्रश्न : तिशी-पस्तिशीत खेळ संपल्यावर हे लोक पुढे काय करतात? आणि कधीच व्यावसायिक न झालेला माणूस मोठा सामना खेळला, असे वाचले होते, ते काय आहे? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : काहींची कारकीर्द लांबते. गॉर्डी हाउ १९८० मध्ये निवृत्त झाला तेव्हा ५२ वर्षांचा होता. पण दोन उदाहरणे मी शेजारी शेजारी ठेवते. बॉबी ऑर हा आजवरच्या सर्वश्रेष्ठ बचावपटूंपैकी एक. डाव्या गुडघ्यावर वारंवार शस्त्रक्रिया होऊन १९७८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याला थांबावे लागले. त्याच सुमारास आपल्या प्रतिनिधीच्या हाती सोपवलेली मिळकत जवळजवळ नाहीशी झाल्याचे त्याला कळले. तो प्रतिनिधी ॲलन ईगलसन खेळाडूंच्या संघटनेचाही प्रमुख होता आणि १९९८ मध्ये त्याने फसवणुकीच्या गुन्ह्यांची कबुली दिली. दुसरे उदाहरण केन ड्रायडन या माँट्रियलच्या गोलरक्षकाचे. तो खेळत असतानाच कायदा शिकला; १९७३-७४ मध्ये कराराचा वाद झाला तेव्हा तो हंगाम त्याने टोरांटोच्या एका वकिली कचेरीत उमेदवारी करून काढला. सहा चषक जिंकून एकतिसाव्या वर्षी, ऐन भरात, तो निवृत्त झाला, पुढे संसदेत निवडून गेला आणि कॅनडाचा सामाजिक विकास मंत्री झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे निधन झाले. ऑरच्या गुडघ्याला कुणाचा इलाज नव्हता, पण खेळाडूचे पैसे आणि त्याचे शिक्षण या दोन गोष्टींवर घरच्यांनी पहिल्या दिवसापासून स्वतः लक्ष ठेवावे, असे मी प्रत्येक पालकाला सांगते.

आपण वाचले ते डेव्हिड एअर्स यांच्याविषयी असणार. एनएचएलच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन्ही गोलरक्षक जायबंदी झाले तर कोणत्याही संघाला वापरता येईल असा एक राखीव गोलरक्षक यजमानांनी प्रेक्षागृहात हजर ठेवायचा असे. २२ फेब्रुवारी २०२० रोजी टोरांटोत कॅरोलिनाच्या संघावर ती वेळ आली आणि ४२ वर्षांचे एअर्स बर्फावर उतरले. त्यांना सोळा वर्षांपूर्वी आईचे मूत्रपिंड बसवलेले होते. टोरांटोचे खेळाडू सराव करत तेव्हा गोलमध्ये उभे राहण्याचे काम ते करत, म्हणजे समोरून फटके मारणारे सगळे त्यांच्या ओळखीचे होते. पहिल्या दोन फटक्यांवर गोल झाले. त्यानंतरचे आठही फटके त्यांनी अडवले, कॅरोलिनाने सामना ६-३ असा जिंकला आणि विजयी गोलरक्षक म्हणून एअर्स यांचे नाव नोंदले गेले. त्यांची स्टिक सन्मान दालनात गेली. पोटासाठी ते काय करत असत, हे मिरकरवाड्याच्या वाचकांनी आपल्या मुलाला जरूर सांगावे : रिंकचा बर्फ तासून गुळगुळीत करणारी गाडी ते चालवत आणि रिंकची व्यवस्था पाहत.